आम्हाला अर्धे कोलटकर नकोत

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या मराठी अभ्यासमंडळांचे अध्यक्ष व सदस्य,
आणि उपयोजित कला महाविद्यालयांचे प्राचार्य व विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयामागे रद्दीवाला काटा मांडून बसला होता. सुतळीने बांधलेले गठ्ठे, वर जुनी गाइडं, खाली काय आहे ते कुणी बघत नव्हतं. मी तिथे दुसऱ्याच कामाला गेले होते. एका गठ्ठ्यातून डोकावणारा पुस्तकाचा कणा ओळखीचा वाटला म्हणून सुतळी सैल केली. 'अरुण कोलटकरच्या कविता', प्रास प्रकाशन, 1977. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या कवीचं पुस्तक. आतल्या पानावर जांभळ्या शाईत 'बाद' असा शिक्का आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या कागदावर इतक्या वर्षांच्या मिळून सात तारखा. शेवटची 2011 सालची. मी रद्दीवाल्यापुढे वीस रुपये धरले. त्याने पुस्तक तळहातावर तोललं आणि पंधरा परत दिले.

ग्रंथपाल भला माणूस आहे. "मॅडम, मागणीच नाही," तो म्हणाला. "आणि आता तर सिलॅबसमधूनही गेले ना ते."

मला हे असं कळलं. मग मी विचारायला गेले. ज्या विद्यापीठाशी ते महाविद्यालय जोडलेलं आहे त्याचं नाव इथे घेत नाही, कारण मला कुणाची तक्रार वरच्या साहेबांकडे करायची नाहीये. तिथे तोंडी उत्तर मिळालं ते असं: या कवीच्या काही कवितांची पानं टाइप करून देता येत नाहीत आणि त्यांच्यावर दहा गुणांचा प्रश्न काढणं अवघड जातं. खरं सांगते, ऐकून राग यायच्या आधी मला थोडा आनंदच झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी कबूल केलं होतं की या कवितेचा पानाशी काहीतरी संबंध आहे. राग नंतर, रिक्षात आला.

मी मराठीची प्राध्यापक नाही. कमर्शियल आर्ट शिकले, सात वर्षं मुंबईत एका जाहिरात संस्थेत पेस्ट-अप करत होते आणि त्यानंतर 26 वर्षं उपयोजित कला शिकवून परवा निवृत्त झाले. पेस्ट-अप म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. टाइपसेटिंगवाल्याकडून ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उमटलेला फोटोचा कागद यायचा, त्यावरच्या ओळी कटरने कापायच्या, मागे रबर सोल्यूशन लावायचं आणि टी-स्क्वेअर धरून आर्टवर्कच्या पुठ्ठ्यावर एकेक ओळ बसवायची. ओळ केसभर तिरकी गेली की साहेब काही बोलायचा नाही, नुसता बोटाने उचकटून काढायचा. अशा ठिकाणी मी कोलटकर हे नाव पहिल्यांदा ऐकलं, आणि ते कवी म्हणून नाही. आमच्या स्टुडिओतली जुनी माणसं 'लेआउट कसा असावा' याचा दाखला द्यायला ते नाव घ्यायची. त्यांनी कविता लिहिल्या आहेत हे मला दोनेक वर्षांनी कळलं, आणि तोवर माझ्या डोक्यात ते चित्रकार म्हणून पक्के बसले होते. तुमच्यापैकी बहुतेकांचं नेमकं उलटं झालेलं असणार. आपल्या भांडणाचं मूळ तिथेच आहे.

मी त्यांना कधी भेटले नाही. एकदा एका गुरुवारी मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इन या रेस्टॉरंटच्या दारापर्यंत गेले होते. दर गुरुवारी दुपारी ते आणि त्यांचे मित्र तिथे बसतात हे सगळ्या मुंबईला ठाऊक होतं. त्यांच्या घरी फोन नव्हता, त्यामुळे गाठायचं तर तिथेच. मी काचेतून आत बघितलं, धीर झाला नाही, आणि समोरच्या फुटपाथवर शेंगदाणे खाऊन परत आले. वेसाइड इन पुढे बंद पडलं.

आता मुद्द्याचं. तुम्ही त्यांना 'साठोत्तरी कवी' या कप्प्यात ठेवता. कप्पा चुकीचा नाही, लहान आहे. कोल्हापुरात जन्मलेला आणि राजाराम हायस्कुलात शिकलेला हा मुलगा 1949 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. मध्ये सगळं सोडून दिलं, भटकला, आणि डिप्लोमा हातात पडला तो 1957 मध्ये. त्याच काळात, 1954 पासून, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांच्याबरोबर 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेलं अनियतकालिक चाललं होतं. पुढची कितीतरी वर्षं पोटापाण्याला जाहिरातक्षेत्र. कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्डचा, म्हणजे आमच्या भाषेत 'कॅग'चा पुरस्कार सहा वेळा, आणि मग त्यांच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये नाव. 1976 मध्ये आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांच्याबरोबर चौघांनी मिळून 'क्लिअरिंग हाउस' ही प्रकाशनसंस्था काढली. चार कवी, चार पुस्तकं, आणि मुखपृष्ठांचं काम अर्थातच कोलटकरांकडे. त्यातलं एक पुस्तक 'जेजुरी', कोलटकरांच्या इंग्रजी कवितांचं. 1977 मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी अशोक शहाण्यांच्या 'प्रास'ने मराठी कवितांचं ते पुस्तक काढलं, जे मला पाच रुपयांत मिळालं.

जाता जाता एक. त्या पुस्तकाचं नाव 'कोलटकरांच्या' नाही, 'कोलटकरच्या' आहे. मुखपृष्ठावरूनच आदरार्थी बहुवचन काढून टाकलेलं आहे. तुमच्या एका संदर्भसूचीत ते 'कोलटकरांच्या कविता' असं सुधारून छापलंय. आदर समजला, पण ते पुस्तकाचं नाव आहे हो.

मी त्यांना संकल्पनात्मक कलावंत म्हणते. आमच्या क्षेत्रात ज्याला कन्सेप्चुअल आर्ट म्हणतात, त्या अर्थाने. ते स्वतः हे ऐकून मिशीत हसले असते. आमच्या पोरांना मी हा प्रकार शिकवताना 1917 च्या मार्सेल द्युशांपासून सुरू करायचे. त्याने दुकानातून एक मुतारी विकत आणली, आडवी ठेवली, सही ठोकली आणि 'कारंजं' म्हणून प्रदर्शनाला पाठवली. वस्तूला हात लावायचा नाही, बघणाऱ्याची नजर तेवढी हलवायची. मग 1967 मध्ये सॉल लविटने लिहून टाकलं की कल्पना हेच कलाकृती घडवणारं यंत्र. पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि जांभया द्यायची. मग मी 'जेजुरी' उघडायचे. त्यात उंबरठ्यावर एक एवढीशी कविता आहे, तीन-चार ओळींची. सांगणं इतकंच, की हा उंबरठा नाही, हा आडवा पडलेला खांब आहे. संपली कविता. मुतारीचं कारंजं करायला द्युशांला प्रदर्शन लागलं, सही लागली. इथे कुणीतरी कधीकाळी खांबाचा उंबरठा केला होता, कवीने बघून तो परत खांब केला. वर्गात हटकून कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, आमच्या गावच्या देवळात पण असंच आहे." मग मी फळा पुसून टाकायचे, कारण पुढचं काही शिकवायचं उरलेलंच नसायचं.

त्याच पुस्तकात एक जुनं जड दार आहे, एकाच बिजागरीवर लोंबकळणारं. ते कधीच निघून गेलं असतं, पण त्याच्या खांद्यावर कुणाची तरी चड्डी वाळत घातलीये म्हणून थांबलंय. देऊळ समजून आत डोकावावं तर वासरू बघतंय, कारण तो गोठा आहे. दगडी कासवाच्या पाठीवर म्हाताऱ्यांनी खेळायला पट आखलाय. या सगळ्यात 'श्रद्धा आणि अश्रद्धा यांचा संघर्ष' शोधून तो 'सोदाहरण स्पष्ट करा' असं विद्यार्थ्याला सांगता येतं, आणि तुम्ही वर्षानुवर्षं सांगत आलात. मला त्यात एक चित्रकार दिसतो, ज्याने आपलं स्केचबुक हातात घ्यायच्या ऐवजी शब्द घेतले. भालचंद्र नेमाड्यांनी या कवितेत सहलीला आलेल्या मुंबईकराची नजर आहे असं म्हटलं होतं. मला तो आक्षेप खोडायचा नाहीये. नजर बाहेरच्या माणसाची आहे खरीच. पण चित्रकाराला चार पावलं मागे सरकल्याशिवाय चित्र दिसतच नाही, ही आमच्या धंद्यातली साधी गोष्ट आहे, आणि ती त्या चर्चेत कुणी मांडलेली माझ्या तरी वाचनात नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार पानाची, आणि हीच सगळ्यात मोठी आहे. 'जेजुरी'च्या शेवटाकडे, देवस्थान आणि रेल्वे स्टेशन यांच्या मध्ये, ज्वारीच्या शेतात डझनभर कोंबडे-कोंबड्या उड्या मारताना दिसतात. ती कविता नीट ओळीत सुरू होते, आणि मग इंग्रजीतले 'वर', 'आणि', 'खाली' हे तीन शब्द पानभर विखुरतात. एक इथे, एक तिथे, एक पार कोपऱ्यात. कोंबड्या उडतात असं तिथे लिहिलेलं नाही, त्या पानावर उडत असतात. मी वर्गात पोरांना त्या पानावर बटर पेपर ठेवायला लावायचे आणि शब्दांच्या जागी पेन्सिलीने नुसते ठिपके मारायला सांगायचे. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा, घरची शेती असलेला, ठिपक्यांचा कागद उजेडात धरून म्हणाला, "मॅडम, हे आई सुपात पाखडते तसं दिसतंय." मी तो कागद जपून ठेवलाय. वर उडालेले दाणे, खाली येणारे दाणे, मधलं फोलपट. त्याने अख्खी कविता एकदाही न वाचता वाचली होती.

आणि तुमच्याकडच्या एका संदर्भपुस्तिकेत काय झालंय ते सांगते. डीटीपी करणाऱ्याला वाटलं की हे शब्द चुकून पुन्हा पुन्हा पडलेत. त्याने एक ठेवला, बाकीचे पुसले, आणि ओळ डावीकडून सरळ लावून दिली. अकरा कोंबड्या एका बॅकस्पेसने मेल्या. त्या बिचाऱ्याला दोष नाही, त्याला पानामागे पैसे मिळतात. पण मुद्रितं तपासणाऱ्यांनी ती पास केली, दोन वर्षं विद्यार्थ्यांनी तीच घोकली, आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही ठरवलं की हा कवी शिकवण्याजोगा नाही. तुम्ही वाचलीत ती कविता त्यांची नव्हतीच.

दुसरी तक्रार एका कागदाच्या प्रवासाची. चार वर्षांपूर्वी मी दोन श्रेयांकांचा एक ऐच्छिक अभ्यासक्रम लिहून दिला. नाव 'पान आणि कविता'. मराठीचे विद्यार्थी आणि आमचे विद्यार्थी एकत्र बसतील, एकाच कवितेचं वाचनही करतील आणि मांडणीही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द तुमच्या प्रत्येक परिपत्रकात दुसऱ्या ओळीत येतो, म्हणून मला आशा होती. प्रस्ताव मराठीकडे गेला. शेरा आला: विषय चित्रकलेशी निगडित, संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे. तो आमच्याकडे आला. आमच्याच माणसांनी शेरा मारला: विषय साहित्याशी निगडित, संबंधित विभागाकडे वर्ग. तोंडी मला सांगितलं, "पोरांना मोशन ग्राफिक्स हवंय, कविता कुठून काढलीस?" कागद दोनदा जाऊन दोनदा परत आला. तिसऱ्यांदा कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

गंमत बघा. ते दोन्ही शेरे 'मंगल' या टंकात छापलेले होते. विंडोजबरोबर आलेला हा देवनागरी टंक ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी स्वतः कवी होते. सुलेखनकार, 'उल्का' या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक, मग पवईच्या आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे डिझाइन शिकवणाऱ्या विभागात प्राध्यापक. 2008 मध्ये गेले. म्हणजे कविता आणि अक्षराची मांडणी यांचा एकमेकींशी संबंध नाही, हे तुम्ही मला एका कवीच्याच हातच्या अक्षरांत कळवलंत. त्यांच्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.

तिसरी तक्रार भाषेची. मराठी विभाग म्हणतो 'जेजुरी' इंग्रजीत आहे, ती तिकडची. इंग्रजी विभाग 'भिजकी वही' उघडत नाही, कारण ती मराठीत. मराठी 'जेजुरी' त्यांच्या निधनानंतर आली, तीही कुणी धड घेतली नाही. आणि मॅनेजरकडे पगार मागायला गेलेल्या माणसाची ती मुंबईच्या हिंदीतली कविता कुठल्या विभागाची? हिंदीवाले तिला हिंदी म्हणणार नाहीत. हा माणूस आयुष्यभर दोन्ही हातांनी लिहीत राहिला. तुकोबा, नामदेव, जनाबाई इंग्रजीत नेले, आणि इराण्याच्या हॉटेलातला शोकेसमधला शिळा केक, वर टांगलेला तिरळ्या डोळ्यांचा शहा, हे सगळं दोन्हीकडे. त्याच्या एकेका हाताला तुम्ही वेगवेगळा हजेरीपट लावलाय.

यावर मला एकदा एका मराठीच्या प्राध्यापकांनी सुनावलं होतं, की कोलटकरांना दृश्य कवी म्हणून बाजूला काढण्यात धोका आहे. लोक मग 'भिजकी वही' विसरतील. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि मी त्यावर बराच विचार केला. 'भिजकी वही'त कोंबड्या उडत नाहीत. त्यात रडणाऱ्या बायका आहेत. आयसिस, कॅसांड्रा, अलेक्झांड्रियात जमावाने मारलेली हिपाशिया, नवऱ्याच्या कविता पाठ करून जगवणारी नादेझ्दा, व्हिएतनामच्या रस्त्यावर अंगावरचे जळते कपडे टाकून धावणारी किम. हजारो वर्षांचं रडं एका वहीत. 2003 मध्ये ती आली आणि 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला तेव्हा ते नव्हते. वाचायला जड आहे, मला तीन वेळा अर्ध्यात ठेवावी लागली. पण तीत सुद्धा बघा ना. किमची कविता एका जगप्रसिद्ध फोटोसमोर उभी आहे. डोरा ही पिकासोच्या चित्रातली रडणारी बाई. आणि मूळ कल्पना काय, तर आसवांनी भिजलेली वही, म्हणजे अक्षरं फुटलेली, शाई पसरलेली, मागच्या पानावर उमटलेली वस्तू. असं नाव चित्रकारालाच सुचतं. मी पान म्हणते तेव्हा मला नुसती सजावट म्हणायची नसते, एवढंच त्या सरांना तेव्हा सांगता आलं नाही, ते इथे सांगते.

चौथी तक्रार थोडक्यात. पुस्तकं 'बाद' करताना ती कुणी उघडून बघतं का? 1977 चं 'प्रास'चं पुस्तक आणि 2009 चं अपेक्षित प्रश्नसंच, दोघांना एकच जांभळा शिक्का आणि एकच सुतळी.

पाचवी तक्रार फक्त तुमच्याविरुद्ध नाही, माझ्याविरुद्धही आहे. मुंबईच्या कवींचा एक दस्तऐवजसंग्रह आज अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. पत्रं, हस्तलिखितं, अनियतकालिकं. अभ्यासक अंजली नेर्लेकरांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या. कोलटकरांच्या द्विभाषिक लेखनावरचा त्यांचा ग्रंथ 2016 मध्ये आला, त्याआधी 2014 मध्ये फ्रेंच अभ्यासक लेटिशिया झेकिनी यांचा. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही उत्तम. ते कागद तिकडे सुखरूप आहेत याचा मला आनंदच आहे, इथे असते तर रद्दीवाल्याच्या काट्यावर दिसले असते. पण जाहिरातीतल्या कामाचं काय? ती आर्टवर्क, ते लेआउट, बटर पेपरवरच्या खुणा? ज्यांनी ते बघितलं ती माझ्या आधीच्या पिढीची माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. कुणाच्या माळ्यावर एखादा पोर्टफोलिओ असेल, कुणाच्या नुसता आठवणीत. मी 26 वर्षं शिकवताना त्यांच्यापैकी एकालाही टेपरेकॉर्डर घेऊन भेटले नाही. दरवर्षी 'या सुट्टीत जाऊ' म्हणायचे.

काळ्या घोड्याबद्दल दोन ओळी लिहायचा मोह आवरत नाही. 'काळा घोडा पोएम्स' आलं जुलै 2004 मध्ये, आणि 25 सप्टेंबरला पुण्यात ते गेले. त्या पुस्तकात चौकातल्या वाहतूक बेटावर पहाटे पसरलेलं एक गावठी कुत्रं आहे. आपल्या अंगावरचे काळे ठिपके सात बेटांच्या जुन्या मुंबईच्या नकाशासारखे दिसतात अशी त्याची स्वतःबद्दल समजूत आहे. मी नकाशा काढून पडताळून बघितलं, कुत्रं फारसं चुकलेलं नाही. ज्या पुतळ्यावरून चौकाला नाव पडलं तो एडवर्ड राजाचा घोडा 1965 मध्ये राणीच्या बागेत गेला. 2017 मध्ये तिथे नवा घोडा आला, बिनस्वाराचा. तिथे विद्यार्थ्यांची सहल नेता येते. इडलीवाली, कावळे, कचऱ्यातली वस्तू न् वस्तू, सगळं पुस्तक हातात घेऊन फुटपाथवर शिकवता येतं, खर्च लोकलच्या तिकिटाचा. तुमच्या क्षेत्रभेटीच्या यादीत वॉटर पार्क आहे.

मागण्या लिहिते. मोठ्या नाहीत. पुतळा, पुरस्कार, अध्यासन यातलं मला काहीही नको.

एक. कोलटकर पुन्हा अभ्यासक्रमात घ्या, आणि घेताना कविता टाइप करू नका. प्रकाशकाची रीतसर परवानगी घ्या, मानधन द्या, आणि मूळ पानाची प्रतिमा छापा. हाच नियम पानाच्या मांडणीवर उभी असलेली प्रत्येक कविता छापताना लावा, मग कवी कुणीही असो.

दोन. परीक्षेत त्या पानाची प्रत प्रश्नपत्रिकेसोबत द्या. कोंबड्या पाठ करून येत नाहीत.

तीन. 'पान आणि कविता' किंवा तुम्हाला आवडेल त्या नावाचा दोन श्रेयांकांचा सामायिक अभ्यासक्रम दोन्ही विभागांनी मिळून निदान एक वर्ष चालवून बघा. विद्यार्थी आले नाहीत तर बंद करा, मी पुन्हा पत्र लिहिणार नाही. माझा हरवलेला प्रस्ताव सापडला तर तो वापरा, नाहीतर माझ्याकडे कार्बन कॉपी आहे.

चार. ग्रंथालयातून पुस्तकं काढायची असतील तर खुशाल काढा, जागेची अडचण मला समजते. पण यादी महिनाभर आधी फलकावर लावा आणि मराठीच्या एका तरी शिक्षकाची त्यावर सही घ्या.

पाच, आणि हे कला महाविद्यालयांना. या वर्षीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून जाहिरातक्षेत्रातल्या ज्येष्ठांकडे पाठवा. प्रत्येकाने एका माणसाचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, सापडेल ते काम स्कॅन करायचं, आणि मूळ वस्तू मालकाकडेच ठेवून यायची. मोबाइल सगळ्यांकडे आहे. उपकरणांसाठी निधीचा प्रस्ताव पाठवत बसू नका, तोवर माणसं राहणार नाहीत.

याच्या बदल्यात माझ्याकडून जे होईल ते करते. आठवड्यातून दोन दिवस मानधनाशिवाय येईन. माझ्याकडची कात्रणं, लेट्रासेटचे, म्हणजे घासून कागदावर उतरवायच्या अक्षरांचे अर्धे वापरलेले ताव, ठिपक्यांचे ते बटर पेपर, सगळं विभागाला देईन. पाच रुपयांत मिळालेलं पुस्तकही देईन, पण ते परत ग्रंथालयात चढवताना 'बाद'चा शिक्का खोडायचा नाही, आणि मागचा तारखांचा कागद बदलायचा नाही. त्यावर अजून बऱ्याच ओळी रिकाम्या आहेत.

आपली,
एक निवृत्त उपयोजित कला शिक्षिका